तीन राजे हातात असताना

माझ्या वडिलांना इंग्रजी येत नाही आणि मला येतं ते बारावीपुरतं. तरी गेल्या दिवाळीपासून रोज दुपारी मी त्यांना एक इंग्रजी सिनेमा मराठीत सांगते. सांगते म्हणजे ओरडून सांगते, कारण त्यांचा एक कान गेलेला आहे आणि दुसरा ते मर्जीप्रमाणे वापरतात. सिनेमा एकच. काळापांढरा, घोड्यांचा, टोप्यांचा आणि पत्त्यांचा. आमच्या गल्लीला तो आता तोंडपाठ झाला आहे. शेजारची बाई दारात गहू निवडता निवडता विचारते, "काय वं, पोहोचला का आज तुमचा जुगारी?"

मी म्हणते, "पोहोचते जी, रोजच पोहोचते. सिनिमातला हाये ना थो."

आई गेली तेव्हा बाबा काही महिने पुण्याला भावाकडे राहिले. तिथं त्यांना लिफ्टची भीती वाटायची आणि वहिनीला त्यांच्या खोकल्याची. मग भावानं बाप माझ्याकडे, वर्धा जिल्ह्यातल्या तळेगावला पाठवला आणि बापाच्या मागोमाग एक मोठा टीव्ही पाठवला. लेकीच्या घरचं पाणी पिऊ नये असं म्हणणारा आमचा बाप आता लेकीच्या घरी दोन वेळ जेवतो, चहात साखर कमी पडली की सांगतो आणि टीव्हीच्या रिमोटवर आपला हक्क गाजवतो. मी तक्रार करत नाही. तक्रार करायची ती एका दिवसाची, आणि ती मी चाळीस वर्षं केली नाही.

त्या रिमोटला बोलायचं बटण आहे. भावानं फोनवर शिकवलं की बटण दाबून जे हवं ते बोला, समोर येतं. पहिल्याच दिवशी बाबांनी रिमोट तोंडाशी धरला आणि पोळ्यात बैलाला हाक मारावी तसे ओरडले, "पत्ते! जुने पत्ते!" टीव्हीनं आधी लग्नाच्या पत्रिका दाखवल्या, मग कुठल्या तरी हिंदी सिनेमातलं एक गाणं, आणि तिसऱ्या वेळी हा. टेबलाभोवती पाच माणसं, हातात पत्ते, मध्ये नाण्यांचा ढीग. बाबा पुढं सरकले. आदल्या महिन्यात त्यांच्या दोन्ही डोळ्यांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं होतं आणि त्यांना आता भिंतीवरच्या मुंग्यासुद्धा दिसत होत्या. "हेच पाहू," ते म्हणाले. "थे काय म्हणून राह्यले तेवढं सांगत जाय."

सकाळी माझी अंगणवाडी असते. मी सेविका आहे. गावात सगळे मॅडम म्हणतात, पण ते चांगुलपणानं. मॅडम वेगळ्या असतात, त्यांना पगार असतो. आम्हाला मानधन असतं. दुपारी घरी आले की भाकरीचा घास तोंडात आणि त्या जुगाऱ्याचे संवादही तोंडात.

मला तो माणूस पहिल्या दिवसापासून आवडला नाही. काळा कोट, कोरलेली मिशी, बोटात अंगठी. इतक्या उन्हात, इतक्या धुळीत त्याला घामाचा थेंब नाही. आमच्याकडे मे महिन्यात असा कोट घालून कोणी बसला तर त्याला उचलून दवाखान्यात न्यावं लागेल. गावात तो येतो, पत्ते खेळतो, कमी बोलतो आणि सगळे त्याच्याकडे वळून बघतात. त्याला बायको नाही, लेकरं नाहीत, घर नाही. घर मुद्दामच दाखवलेलं नाही. जुगाऱ्याचं घर दाखवलं असतं तर तो सिनेमा कोणी पाहिला असता?

गोष्ट थोडकी आहे. त्या गावात एक बाई असते. गावातल्या मोठ्या माणसानं केलेला खून तिनं डोळ्यांनी पाहिलेला असतो आणि तिला शहरात जाऊन साक्ष द्यायची असते. एकटी निघाली तर वाटेतच मारतील. जुगारी तिला शब्द देतो, दुपारी बाराच्या घोडागाडीपाशी ये, मी तुला सोडायला येतो. ती पेटी घेऊन जाऊन उभी राहते. इकडं हा पत्ते खेळत बसलेला. भिंतीवर घड्याळ. बाराला पाच कमी. तो घड्याळाकडे बघतो, हातातल्या पत्त्यांकडे बघतो, पत्ते टेबलावर ठेवतो आणि उठतो. बाकीचे चवताळतात, एकाचा हात बंदुकीवर जातो. हा टोपी घालतो आणि बाहेर निघून जातो.

हा उठण्याचा तुकडा बाबा दर वेळी दोनदा, तीनदा बघायचे. मागं न्यायचं बटण त्यांनी कोणी न शिकवता शोधून काढलं होतं. माझ्या मनात यायचं, बघा, ढीग बघायला किती आवडतं या माणसाला.

आता इथं कोणाचा गैरसमज नको. आमचे बाबा जुगारी नव्हते. आंजीत, माझ्या माहेरच्या गावात, आजही कोणालाही विचारा, सांगतील, देवमाणूस. दारू नाही, तंबाखू नाही, वर्षभर पत्त्याला हात नाही. फक्त पोळ्याचे पाच दिवस. आमच्याकडे पोळ्याला पत्ते खेळणं हा जुगार धरत नाहीत, तो सण धरतात. बैलांची पूजा झाली, पुरणपोळी झाली, दुसऱ्या दिवशी लेकरांनी लाकडी बैल फिरवून तान्हा पोळा केला, की बापे गोदामात चटई टाकून बसले. पाटील बसायचे, मास्तर बसायचे, एरवी भजनात टाळ धरणारेही बसायचे. बायका तिथं डबे पोचवायच्या. वर्षातून तीनशेसाठ दिवस चांगला असणारा माणूस पाच दिवसांबद्दल कोणाला उत्तर देत नाही. माझं दुर्दैव असं की माझा दिवस त्या पाचांत आला.

बारावीला मला चांगले मार्क पडले होते. मास्तरीण व्हायचं हे माझं तिसरीपासून ठरलेलं होतं. घरी मी कोंबड्यांनासुद्धा पाढे शिकवायची. डी.एड.च्या यादीत माझं नाव लागलं आणि मूळ कागदपत्रं घेऊन हजर राहण्याची शेवटची तारीख आली ती पोळ्याच्या तिसऱ्या दिवसाची. संध्याकाळी पाचच्या आत. दाखल्यांच्या नकलांवर शेजारच्या गावच्या हेडमास्तरांची सही लागत होती. बाबा म्हणाले, "तू आठच्या गाडीनं वर्ध्याले पुढं हो, नंबर लाव. मी सही घेऊन अकराले गेटावर येतो." कागदांची फाइल त्यांनी प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळली, पिशवी छातीशी धरली. इतकं जपून धरलं होतं की मला हसू आलं.

मी अकरापासून कॉलेजच्या गेटापाशी उभी होते. नंबर लावला होता, नंबर आला, नंबर गेला. खिडकीतल्या बाबूंनी विचारलं, "कागद?" मी म्हणाले, "माझे बाबा घेऊन येऊन राह्यले." बारा वाजता तेच. दोन वाजता तेच. चार वाजता त्यांनी मान वर न करता विचारलं, "आले का वं तुझे बाबा?" मी म्हणाले, "येतातच जी. माझे बाबा येणार म्हणजे येणार." ते मी इतक्या खात्रीनं म्हणाले की त्या बाबूंना माझी कीव आली आणि त्यांनी पाचाच्या वर दहा मिनिटं थांबून पाहिलं. मग त्यांनी पुढचं नाव वाचलं. वेटिंगमधली एक मुलगी बापाबरोबर बाकावर बसली होती. बापानं डबा आणला होता, दोघं पोळी-भाजी खात होती. नाव ऐकून ती हात न धुताच उठली. माझी जागा तिला गेली. चांगली मास्तरीण झाली असेल. तिचं काय चुकलं?

बाबा घरी आले ते अंधार पडल्यावर, फाइल तशीच छातीशी. म्हणाले, "एस्टी फेल झाली." आईनं त्यांच्याकडे पाहिलं आणि चुलीकडे तोंड वळवलं. चटईवर बसून पँटीला पडलेल्या सुरकुत्या तिला ओळखता येत होत्या. एस्टी फेल झाली नव्हती हे मलाही दुसऱ्या दिवशी कळलं, गावात काय लपतं? गोदामावरून जाताना कोणी तरी हाक मारली, हे दहा मिनिटं म्हणून बसले. पण मी एक अक्षर बोलले नाही. आठ दिवसांनी त्यांनी मला मनगटी घड्याळ आणून दिलं. ॲडमिशनची फी वाचली, त्यातून आणलं असेल, असं आई म्हणाली. दुसऱ्या वर्षी यादीचे मार्क चढले आणि त्याच वर्षी माझं लग्न झालं. ते घड्याळ घालूनच मी तळेगावला आले.

मी गप्प बसले त्याचं कारण सांगते, कारण सगळं त्यावरच उभं आहे. मी मनाशी धरून चालले होते की बाबा त्या दिवशी हरत होते. हरणाऱ्या माणसाचं डोकं ठिकाणावर राहत नाही, गेलेलं परत यावं म्हणून तो बसून राहतो, त्याला घड्याळ दिसत नाही. घाम फुटलेला, तोंड उतरलेलं, फाइल मांडीखाली धरून बसलेला माझा बाप मी हजार वेळा डोळ्यांपुढं आणला आणि दर वेळी मला त्याची दया आली. अर्धी माफी मी त्या दयेतून दिली. उरलेली अर्धी त्यांनी खरं सांगितलं की देऊ, असं ठरवलं होतं. त्यांनी फक्त एकदा म्हणायचं होतं की एस्टी फेल झाली नव्हती. चाळीस वर्षं मी त्या एका वाक्याची वाट पाहिली.

सिनेमा पंधराएक वेळा सांगून झाला तेव्हा माझ्या जिभेला खाज सुटली. पेटी घेऊन उभ्या असलेल्या त्या बाईसाठी हा टिकोजीराव पत्ते टाकून उठतो आणि माझ्या शेजारी बसलेला बाप डोळे भरून ते बघतो, हे मला सहन होईना. मी संवाद बदलायला लागले. एक दिवस तो उठला तेव्हा मी ओरडून सांगितलं, "थो म्हणते, माह्यापाशी आता काहीच उरलं नाई. सगळं हरलो. म्हणून उठतो."

दुसऱ्या दिवशी मी परत तेच सांगितलं. तिसऱ्या दिवशी जरा जास्त. "हरलेल्या माणसानं काय बसावं, म्हणते. घरी तोंड कसं दाखवू, म्हणते."

बाबांनी सिनेमा थांबवला. मागं नेला. परत थांबवला. पडद्यावर जुगाऱ्याच्या हातातले पाच पत्ते मोठे दिसत होते.

"खोटं काऊन सांगून राह्यली?" ते म्हणाले.

"कायचं खोटं?"

"पाह्य ना. तीन राजे हायेत त्याच्यापाशी." त्यांनी उठून, काठी न घेता, टीव्हीपाशी जाऊन एकेका राजावर बोट ठेवलं. "खेळ पाच पत्त्यायचा हाये, पण राजा थो राजाच. तीन राजे घेऊन कोणी हरते काय? अन् मोठा ढीग कोणाच्या पुढ्यात हाये? त्याच्याच. थो जिंकून राह्यला. जिंकता जिंकता उठला थो."

मला इंग्रजी येतं म्हणून मी मालकीण होते. पण पत्त्यांची भाषा त्यांना माझ्यापेक्षा चांगली येत होती हे मी विसरले होते. चोरी पकडली गेली की माणूस उलटा भांडायला उठतो, तशी मी उठले. म्हटलं, "मंग? जिंकत असला म्हणून काय झालं? उठायचं मनात असलं त् माणूस उठते."

"नाई उठता येत." बाबा टीव्हीपाशीच उभे होते, माझ्याकडे पाठ करून. "हरणाऱ्याले उठता येते. त्याले कोणी नाई अडवत. जिंकणाऱ्यानं बैठक मोडायची नसते. बाकीचे म्हणतात, आमचं घेऊन चालला. पोळ्याच्या खेळाची रीतच हाये तशी. सगळे गावचे, रोज तोंडं पाहा लागतात." मग म्हणाले, "मले त्या दिवशी पत्ताच असा येत गेला. कधी नाई आला आयुष्यात तसा. बारा वाजले तं म्हटलं आता हरतो अन् उठतो. हरूच नाई राह्यलो वं मी. दोन वाजले, तीन वाजले. हरलोच नाई."

मी ऐकत होते. चाळीस वर्षं ज्या वाक्यासाठी थांबले होते ते एकदाचं आलं होतं, आणि ते असं आलं होतं.

"मुद्दाम टाकायचे होते पत्ते," मी म्हणाले. "चांगले पत्ते टाकून द्यायचे होते अन् हरायचं होतं."

त्यावर बाबांनी जे तोंड केलं ते मी विसरणार नाही. त्यांना माझं म्हणणं खरोखरच कळलं नव्हतं. एखाद्यानं उभ्या पिकात गुरं सोडायला सांगावं तसं ते माझ्याकडे बघत राहिले. "चांगला पत्ता कोणी टाकते काय?" ते म्हणाले.

म्हणजे घाम फुटलेला नव्हता. तोंड उतरलेलं नव्हतं. मी गेटापाशी त्या बाबूला माझे बाबा येणार म्हणजे येणार असं सांगत होते तेव्हा माझे बाबा मजेत होते. आयुष्यातला सगळ्यात चांगला दिवस चालला होता त्यांचा. आणि ते घड्याळ फीच्या पैशांचं नव्हतं. ते त्या दिवसाच्या जिंकण्याचं होतं. पंधरा वर्षं मी ते हातावर बांधून अंगणवाडी उघडली आणि बंद केली. मला एवढा राग आला की भाकरीची परडी घेऊन मी आत निघून गेले आणि न्हाणीत उभी राहून रडले. दुःखानं नाही. मी माझी इतकी वर्षांची दया फुकट घालवली म्हणून रडले. ती एखाद्या कुत्र्यामांजरावर केली असती तर कामी आली असती.

संध्याकाळी शेतातून नवरा आला. मी त्याला सांगितलं. तो संत्र्याच्या बागेचा माणूस, कमी बोलतो. म्हणाला, "म्हातारा माणूस हाये. आता काय करतं?" सगळे असंच म्हणतील हे मला माहीत होतं. तीनशेसाठ दिवसांचा देवमाणूस आता पुरा तीनशेपासष्ट दिवसांचा झाला आहे. त्याला पोळ्याला कोणी बोलवत नाही.

दुसऱ्या दिवशी वाटलं, आज लावणार नाहीत. पण मी अंगणवाडीतून आले तर ते खुर्ची सरकवून तयार बसलेले. माझ्याकडे न बघता त्यांनी रिमोट दाबला. मीही बसले. आता मला कळत होतं की ते ढीग बघायला तो तुकडा मागं नेत नव्हते. उठणारा माणूस बघायला नेत होते. कसा उठला, आधी कोणता पाय काढला, कोणाकडे बघितलं, बाकीच्यांनी काय केलं, आणि एवढं करून गावानं त्याला काय म्हटलं. शिकवणीला बसल्यासारखे बघायचे ते. चाळीस वर्षांनी. हे कळून माझं मन थोडं वळायला हवं होतं. नाही वळलं. शिकायची वेळ असते, आणि ती संध्याकाळी पाचला संपते, हे त्यांनीच मला शिकवलं.

तो उठला. ढीग टेबलावर तसाच. बाहेर धूळ, ऊन, घोडागाडी. पेटीजवळ ती बाई उभी. इथून पुढं बाबांना कधी फार रस नसायचा, ते पाणी मागायचे किंवा डोळे मिटायचे. त्या दिवशी मात्र ते पुढं वाकले. जुगारी तिच्यापाशी येतो. ती त्याच्याकडे बघते आणि एकच वाक्य म्हणते. सोपं आहे, बारावीच्या इंग्रजीलाही लागतं. ती म्हणते, मला माहीत होतं, तुम्ही येणार.

"काय म्हणते थे?" बाबांनी विचारलं. चांगला कान माझ्याकडे केला होता.

मी घास गिळला आणि गल्लीला ऐकू जाईल एवढ्या आवाजात सांगितलं, "थे म्हणते, सव्वापाच वाजले. खिडकी बंद झाली. आता कागद घेऊन काय करू?"

बाबांनी रिमोट मांडीवर ठेवला. पडद्यावर घोडागाडी चालू लागली. त्या वाळवंटात खिडकी कुठून आली, आणि कसले कागद, हे त्यांनी विचारलं नाही.